हाकेचं नाव

मिरजगावाहून सीनेकडं उतरत गेलं की एक वाडी लागते. त्या वाडीतल्या एका घरात एक नाव होतं, आणि ते आसपासच्या कुठल्याच गावात नव्हतं. धावजी. रामाचं, विठ्ठलाचं नाव घरोघर. हे मात्र एकाच घरी, आणि तिथंही एका वेळी एकालाच. एक धावजी गेला की घरात पुढं जो मुलगा जन्मेल त्याला ते द्यायचं. घोंगडं बापाच्या खांद्यावरून पोराच्या खांद्यावर यावं, तसं ते पिढ्यांवरून चालत आलं होतं.

ते आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. फार मागं, सीनेला पूर आलेला असताना, मेंढरामागची एक बाई लेकरासकट मधल्या खडकावर अडकली. काठावर माणसं जमली आणि वाद घालत बसली: ही कुणाची, कुठली, हिचा माणूस कुठंय, दोर कुणी द्यायचा. शेतातून एक गडी हाक ऐकून पळत आला. त्यानं काहीच विचारलं नाही. पागोटं काठावर टाकलं आणि पाण्यात गेला. बाई काठाला लागली, तेव्हा लोक तिला त्याचं नाव सांगायला लागले. ती म्हणाली, ते तुमच्यापाशीच ठेवा. धावला तो धावजी. त्याचं आधीचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. नावाबरोबर एक शिस्तही उतरली होती. धावजी म्हणवून घेणाऱ्यानं हाक आली की ती कुणाची, हे विचारायचं नाही.

मनकर्णा सोनईकडची. लग्न होऊन आली आणि सासऱ्यानं, सहादेवनं, तिला ही कथा सांगितली, तेव्हा तिला पदराआड हसू आलं होतं. पण नवरा, त्या पिढीचा धावजी, तसाच निघाला. ताटावर बसलेला असला आणि बांधापलीकडून कुणी ओरडलं, की घास ताटात आणि माणूस बाहेर. ती चिडायची. माझी भाकर रोज दुसऱ्याच्या हाकंवर वाळती, म्हणायची. आणि पहाटे जात्यावर बसली की तीच चीड गोड होऊन ओवीत यायची:

हाक बाई आली, सीनेच्या पल्याड
उंबऱ्याच्या आड, जोडा राहे

ओवीत जोडा यायचा, भाकर यायची, नाव यायचं नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. हळदीला, डोहाळजेवणाला बायका अडवून धरतात तेव्हा उखाण्यात गुंडाळून घ्यायचं, तेवढंच. उघडं नाव तिनं कधी जिभेवर ठेवलं नव्हतं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात माणसं खडी फोडत होती आणि दावणीला बसलेली जनावरं उठत नव्हती. सोनईकडं मनकर्णेच्या भावाचा, रंभाजीचा, मळा होता. मळ्यात ऊस, उसाचं वाढं. धावजी बैलजोडी घेऊन मेव्हण्याकडं राहायला गेला. बैलांना वाढं आणि त्याच्या बदल्यात पडेल ते काम.

रंभाजीच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. तो सुरुंग लावून तळ फोडत होता, तोही बिनपरवान्याच्या दारूनं. सुरुंग उडाला की धूर निघून जाईपर्यंत थांबायचं असतं. ऊस जळत होता. रंभाजी थांबला नाही. त्यानं छगन नावाच्या आपल्या गड्याला खाली उतरवलं आणि छगन तळाशी आडवा झाला. सोनईचा बाजार होता, मळ्यात चिटपाखरू नव्हतं. रंभाजीनं काठावरून हाक मारली. पलीकडच्या वावरातून धावजी आला, खाली उतरला, छगनला स्वतःच्या फेट्यानं दोराला बांधून त्यानं वर पाठवलं. दोर पुन्हा खाली गेला तेव्हा धरायला तो उरला नव्हता.

आता पोलीस येणार, दारू कुठली विचारणार. रंभाजीनं सांगितलं, मी बाजाराला होतो. पाहुणा इंजिनाचा पितळी व्हॉल्व्ह चोरायला विहिरीत उतरला आणि गुदमरला. छगननं सांगितलं, मी तिथं नव्हतो. हाच छगन सरणाजवळ मनकर्णेच्या पायावर पडून सगळं खरं बोलून गेला होता. मालकासमोर उभं केल्यावर त्याची जीभ आत गेली.

मनकर्णा बोलली. भावकीत बोलली, पाटलापुढं बोलली. लोकांनी ऐकून घेतलं. चोराची बायको दुसरं काय सांगणार, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. सहादेव सोनईला जाऊन आला आणि आल्यावर भिंतीकडं तोंड करून बसला. तिकडं नाव पडलं होतं: इंजिनचोर धावजी. एस. टी. बसमधून ते इकडंही पोहोचलं.

दिवाळीच्या सुमाराला धाकट्या जावेला मुलगा झाला. रीतीनं नाव त्याला जायचं. पाळण्यापाशी सगळे सहादेवच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हातारा म्हणाला, "नगं. शाळंत पोरं त्याला चोर म्हनतील." मुलाचं नाव राधाकृष्ण ठेवलं.

मनकर्णा त्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या पहाटे जात्यात दाणे टाकताना तिच्या ध्यानात आलं, की आता या नावाला जगात तोंडच राहिलं नाही. सासू कधीच गेलेली. सासरा घेत नाही. नव्या पोराला दिलं नाही. आणि तिनं घ्यावं तर विधवेला कोण म्हणतं, नाव घे? उखाणासुद्धा कुंकवाबरोबर पुसला जातो. तिनं खुंटा धरला तो धरूनच ठेवला, फिरवला नाही. माणूस एकदा मारला भावानं, ती मनाशी म्हणाली, आणि नाव आता हळूहळू मारतोय. तिथून तिच्या मनात एक गोष्ट रुजली, आणि पाणी नसलेल्या त्या सालात तेवढंच एक पीक जोमानं वाढत राहिलं.

शिमग्याच्या तोंडावर छगन दारात उभा राहिला. रंभाजीला मुलगा झाला होता. पाठोपाठ पोरीच झालेल्या घरात मुलगा. बारशाला आत्या हवी, आणि रंभाजीला दुसरी बहीण नव्हती. शिवाय मनकर्णेच्या पाळण्यावाचून त्या गावात पूर्वी बारसं होत नसे, असा तिचा गळा. पण छगनला मुराळी म्हणून धाडण्यामागं आणखी एक हिशेब होता. विहिरीची कुजबुज गावात थांबली नव्हती. बहीण येऊन पाळण्याला हात लावून गेली, की कुजबुजणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद. तिनं माफ केलं, तर बाकीचे कोण?

मुराळी म्हणून भावानं स्वतः यायचं असतं. त्यानं पाठवला तो गडी, जो तिच्या नवऱ्याच्या फेट्यात बांधून वर आला होता. सहादेव म्हणाला, जाऊ नको. मनकर्णेनं लुगडं बदललं आणि निघाली.

नगरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. छगननं चहा आणला. सबंध वाटभर त्यानं तिच्याकडं पाहिलं नव्हतं. कपाकडं बघतच तो म्हणाला, "आक्का, मालकाचं मीठ खातो. बोललो असतो तर लेकरं कुठं न्यावी?"

"मी तुला बोल म्हनलं का?"

"न्हाई."

"मग चहा पी. निवतुया."

थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, पोराचं नाव ठरलंय का. ठरलं होतं. उदयसिंह. मालकांनी कुणाकुणाला विचारून, पुढाऱ्याच्या पोरांना शोभेल असं ठरवलं होतं. "चांगलं हाय," मनकर्णा म्हणाली.

रंभाजीच्या दारात मांडव होता. दुष्काळात लोक सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होते आणि इथं घुगऱ्यांची पातेली भरून ठेवली होती, गावाला दिसावीत अशी. रंभाजी पुढं आला. बहिणीच्या कपाळाकडं न बघता म्हणाला, बरं झालं आलीस मने. लुगडं घेऊन ठेवलंय तुला, भारीतलं. तिनं मान हलवली. दादा, बाळ बघू दे आधी, म्हणाली.

आत बायकांची दाटी. भावजय भागिरथी बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आईनं, विधवेचा हात पाळण्याला कशाला, असं शेजारणीच्या कानात म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गावची सुईण चांगुणाबाई तिथंच भिंतीला टेकून होती. रंभाजी आणि मनकर्णा दोघंही तिच्याच हातात जन्मलेली. ती म्हणाली, "कुक्कू गेलं म्हनून तोंड गेलं का तिचं? आत्या ती आत्या. म्हन गं मने पाळणा."

आधी वरवंटा पाळण्यातून फिरला. मग बाळ आलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत पाळण्याखालून वर, वरून खाली. मनकर्णेनं दोरी धरली. गळा तसाच होता. ओसरीवर बसलेल्या गड्यांची बोलणी थांबली. तिनं देवाचं नाव घेतलं आणि सुरू केलं:

पहिल्या दिशी गं सीनेला पूर
माय लेकराची राहिली दूर
काठाच्या लोकांचा नुसताच सूर
जो बाळा जो जो रे

बायकांना हा पाळणा ठाऊक नव्हता, पण 'जो जो'ला सगळ्यांनी सूर धरला.

दुसऱ्या दिशी गं हाक आली कानी
पुसलं न्हाई त्यानं, कोन गं कुनी
पागुटं काठाला, काया ती पानी
जो बाळा जो जो रे

कुणीतरी शेजारणीला विचारलं, ही कुठल्या देवाची कथा? शेजारणीनं, असंल तिकडल्या, असं खुणेनं सांगितलं.

तिसऱ्या दिशी गं हिरीच्या तळा
परक्या जिवाचा लागला लळा
दोर दिला त्याला, काळाला गळा
जो बाळा जो जो रे

या वेळचा 'जो जो' मागच्या बायकांनी सवयीनं म्हटला. पुढच्या गप्प झाल्या. मांडवात पाण्याची घागर घेऊन चाललेला छगन घागरीसकट उभा राहिला.

मनकर्णेनं दोरी सोडली आणि बाळाच्या कानाशी वाकली. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तो गेल्यापासून तिच्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. त्या धपाट्यांत, एवढ्याशा कानापाशी, जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव उखाण्याशिवाय घेतलं. तिला वाटलं होतं जीभ अडेल. अडली नाही. नाव पाण्यासारखं गेलं.

"काय ठिवलं गं?" चांगुणाबाई म्हणाली. "मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांग."

मनकर्णा सरळ उभी राहिली. "धावजी."

घुगऱ्या वाटणारा हात पातेल्यात राहिला. भागिरथी आधी समजली नाही, मग समजली, आणि तिनं पाळण्यातून लेकरू ओढून छातीशी धरलं. "चोराचं नाव? माझ्या लेकराला चोराचं नाव ठिवलंस, वन्सं?"

रंभाजी ओसरीवरून आत आला होता. पुरुषानं तिथं यायचं नसतं, पण तो आला. हसत म्हणाला, पाळण्याच्या नादात मनकर्णा चुकली. नाव उदयसिंह ठरलंय, तेच लावा.

"कानात गेलेलं नाव माघारी येत नसतं, रंभा," चांगुणाबाई म्हणाली. "आत्याचं बोलनं पुसलं तर लेकराचं आविष्य पुसतं. तुझ्या आज्यानंबी पुसलं न्हवतं."

लेकराच्या आयुष्याचं नाव निघताच भागिरथीचा चेहरा पडला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. दारात पुरुष येऊन उभे राहिले होते. त्यांत पोलीसपाटीलही होता.

मनकर्णेनं भावजयीच्या हातातून बाळ घेतलं, सावकाश, मान सांभाळून. रंभाजीपाशी गेली आणि ते त्याच्या हातावर ठेवलं. बापानं पोराला अजून घेतलंच नव्हतं. बारशापर्यंत धीर धरून होता. आता त्याचे दोन्ही हात भरले.

"वयनी म्हनती चोराचं नाव हाय. तूबी मागं तेच म्हनला हुतास, पोलिसापुढं. आता याला घिऊन म्हन दादा. याच्या तोंडाकडं बघून, धावजी चोराचं नाव हाय म्हन. मी पुसते, माझ्या जिभेनं."

रंभाजीनं तोंड उघडलं. बाळानं त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं. एवढ्या पोरींनंतर आलेला मुलगा. त्याच्या कानावर बापाचा पहिला शब्द कोणता पडणार, हे मांडवभर माणसं ऐकत होती. त्यानं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा छगनकडं. छगननं घागर खाली ठेवली.

"म्हन की," मनकर्णा म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती, रागही नव्हता. जात्याचा असतो तसा एकसारखा आवाज होता तो.

"चोराचं न्हाई," रंभाजी म्हणाला.

"ऐकू आलं न्हाई म्हातारीला."

"चोराचं न्हाई. त्यो छगनला काढाया उतरला हुता."

"तुला कसं ठावं? तू बाजाराला हुतास."

त्यानं बाळाला छातीशी धरलं. "न्हवतो."

"मग त्याला हाक कुनी मारली?"

"म्या," रंभाजी म्हणाला. "म्या हाक मारली, आन त्यो आला."

छगन खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून मोठ्यानं रडायला लागला. दारातल्या पुरुषांतला एक जण चपला शोधू लागला, मग दुसरा. पोलीसपाटील म्हणाला, रंभाजीराव, उद्या या जरा. घुगऱ्यांची पातेली भरलेलीच राहिली.

भारीतलं लुगडं मनकर्णेनं उंबऱ्यावर ठेवलं आणि पाणीही न पिता निघाली. मांडवाबाहेर रंभाजीनं तिला गाठलं. बाळ अजून त्याच्याच हातात होतं, कुणी घेतलं नव्हतं. "आता तरी जीव थंड झाला का तुझा?"

"न्हाई दादा," ती म्हणाली. "माझ्या जिवाचं तू बघू नगंस. पोराला हाक मारायला शीक. जलमभर मारायची हाय."

ती वाडीवर पोहोचण्याआधीच बातमी एस. टी. बसमधून पोहोचली होती. सहादेव वाटेवर उभा होता. त्यानं काही विचारलं नाही. घरात येऊन देवापुढं बसला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि लेकाचं नाव घेऊन ताम्हनात सोडलं. नाव मोठ्यानं घेतलं. शेजारच्या घरात ऐकू गेलं. रंभाजीला नेवाशाच्या कोर्टात खेटे घालावे लागले. त्याचं काय झालं, हे मनकर्णेनं कधी विचारलं नाही.

पुढच्या साली, पाऊसपाणी होऊन गेल्यावर, छगन पुन्हा आला. कुणी धाडला नव्हता, आपणहून आला होता. ओट्यावर बसला, गूळपाणी घेतलं. आता तो दुसऱ्याच्या मळ्यात होता, पण बांधाला बांध लागून. मनकर्णा जात्याशी बसली होती. तिनं हात थांबवला नाही. पोरगं कसं हाय, विचारलं.

"चालाया लागलं, आक्का. चालतंय कुठं, पळतंच. आन पळतंबी हिरीकडंच. जुन्या मालकानं कठडा बांधून घेतलाय. तरी दिसभर तिथंच बसत्यात, आन हाक मारत्यात."

जातं थांबलं. "कशी मारतो?"

छगननं इकडंतिकडं पाहिलं. "तशीच. त्या दिशी काठावरनं 'धावजी' म्हून मारली हुती ना, तळाशी पडल्यापडल्या मला ऐकू आली, तशीच. पोरगं हसत माघारी येतं. मालक मटदिशी खाली बसत्यात, घाम पुसत. म्या तिकडं वावरात असलो तर हातातलं टाकून उठतो. मला वाटतं, कोन तरी पुन्हा खाली पडलंया."

"मोठ्यानं मारतो?"

"सगळ्या शिवाराला ऐकू जाती."

"रोज?"

"रोज."

मनकर्णेनं सुपातले दाणे मुठीत घेतले, जात्याच्या तोंडात सोडले आणि खुंटा धरला.

"मार म्हनावं," ती म्हणाली.